नकाशावरचं अक्षर

...आणि वर मलाच विचारतात, 'आजोबा, ह्याला संदर्भ काय?' संदर्भ काय? अहो, संदर्भ काय म्हणजे? संदर्भ हा काय, तुमच्यासमोर उभा आहे, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून! नकाशा मी काढला, सायकलला मी टांगला, बावीस वर्षं उन्हातान्हात मी वापरला, आणि मलाच संदर्भ मागतात! ...सरका, सरका जरा, टेकतो. रांग काही एवढ्यात हलत नाही. खिडकी अकराला उघडते असं लिहिलंय, पण कारकून येतो साडेअकराला. येतो म्हणजे आधी त्याचा डबा टेबलावर येतो, मग चष्मा येतो, मग तो. तुम्ही सगळे नवीन प्रवेशाला आलात ना? ज्येष्ठांच्या वर्गाला? वाटलंच. हातात ते हिरवं पत्रक दिसलं आणि ओळखलं. काय लिहिलंय हो त्यावर, वाचा बघू मोठ्यानं... हां! 'अनुभव तुमचा, विद्यापीठ आमचं!' काय पण वाक्य आहे! मलाही आवडलं होतं, गेल्या वर्षी, तुमच्यासारखंच. मला वाटलं, वा, काय आदर आहे म्हाताऱ्या माणसांबद्दल! आता कळतंय, आदर कसला, ही तर वाटणी आहे! अनुभव तेवढा तुमचा, बाकी सगळं आमचं!

नाही, तुम्ही घ्या प्रवेश, मी कोण अडवणारा? फक्त ऐकून घ्या, वेळ आहेच.

तुम्हाला सांगतो, मी पाणीखात्यात चावीवाला. नाही कळलं? नाहीच कळत कोणाला. तुम्ही सकाळी नळ सोडता, पाणी येतं, तुम्हाला वाटतं नळातून आलं. अहो, नळातून कसं येईल आपलं आपण? रस्त्यात ती लोखंडी झाकणं असतात ना, ज्यांच्यावरून तुमची गाडी खडाड करून जाते आणि तुम्ही खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता, त्या झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. तो फिरवायला माझ्या छातीएवढी लांब लोखंडी चावी. टाकीपासून निघायचं, एकेक झाकण उचलायचं, मोजून आटे फिरवायचे, ह्या गल्लीला पाऊण तास, त्या गल्लीला चाळीस मिनिटं, परत बंद, पुढचं झाकण. अडतीस वर्षं! सगळ्या गावाला आंघोळ मी घातली. पण पाणी आलं तर कोणी माझं नाव घेतलं नाही, नाही आलं तर मात्र पहिलं माझंच. तेही नाव नाही म्हणा, 'कुठं मेला तो चावीवाला!' एवढंच.

निवृत्त झालो. सात वर्षं दिवसभर घरात, आमची ही नुसती वैतागून गेली. मग ती गेली. सहा वर्षं झाली आता. मी मुलीकडे राहायला आलो आणि भिंतीला कान लावून बसायला लागलो. हसू नका. मला भिंतीतून कळतं हो, पाणी कधी सुटलं, किती दाबानं सुटलं, नवीन चावीवाल्याचा हात घाईचा आहे की बेताचा आहे! पण जावयाला वाटलं, म्हातारा शेजाऱ्यांची भांडणं ऐकतोय. त्यानं मुलीला सांगितलं, मुलगी माझ्यावर डाफरली, 'बाबा, भिंतीचं काय ऐकत बसता? चार विद्वानांचं तरी ऐका!' आणि दुसऱ्याच दिवशी हे हिरवं पत्रक माझ्या ताटाशेजारी. मी म्हटलं, अगं, मी सातवी शिकलेला माणूस, मला कोण घेणार विद्यापीठात? तर म्हणते, 'वाचा ना, अनुभव तुमचा, विद्यापीठ आमचं!' घ्या!

पहिला दिवस. ज्येष्ठांचा वर्ग कुठे? तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट? 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी.' का, तर म्हणे ती जुनी झालीय, तिला भार सोसत नाही. अहो, जुनं झाल्यावर भार सोसत नाही हे लिफ्टच्या बाबतीत कळलं, आमच्या बाबतीत नाही कळलं! वर पोचेपर्यंत निम्मा वर्ग जिन्यात बसलेला. खुर्च्या अशा की उजव्या हाताला लिहायची फळी, ती एकदा खाली पाडली की आपण अडकलो. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक. चौदा वर्षं झाली त्यांना शाळा सोडून, पण कोणी खोकलं तर अजून दचकून म्हणतात, 'कोण आहे तो? उभा राहा!' वही उघडी, हातात लाल पेन. व्याख्यात्याच्या चुका लिहून घेतात, दुसरं काहीही लिहीत नाहीत. मला म्हणाले, 'आपण कुठल्या विषयाचे?' मी म्हटलं, 'पाण्याचा.' तर म्हणाले, 'अच्छा, रसायनशास्त्र!' मी मान डोलावली. पहिल्याच दिवशी कुठं वाद घालायचा?

पहिली तीन व्याख्यानं सुखात गेली. एक तारे-ग्रहांवर झालं, त्यात पडदे लावून अंधार केला आणि दिवे लावल्यावर सगळ्यांना गदागदा हलवून उठवावं लागलं. एक झालं स्मरणशक्तीवर. तिशीतले सर, काय आत्मविश्वास! 'वय वाढलं की माणसाला जुनं आठवतं, पण आत्ताचं आठवत नाही.' आणि हे सांगता सांगता स्वतःचा चष्मा शोधतायत, डोक्यावर ठेवलेला! मुख्याध्यापकांनी लाल पेनानं लिहिलं, 'डोक्यावर.'

आणि मग चौथं व्याख्यान. 'पाणी, शहर आणि सत्ता.' अहो, तुम्हाला सांगतो, इस्त्रीचा सदरा घातला, पहिल्या रांगेत बसलो! अडतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामावर तासभर बोलणार होतं. बाई आल्या. माझ्या मुलीएवढ्या असतील. चांगल्या होत्या हो, मनापासून बोलत होत्या, वाकून विचारत होत्या, 'आजोबा, मागे ऐकू येतंय ना?' आणि तेच तर दुखणं आहे. वाईट असत्या तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

बाईंनी दिवा मालवला, पडदा उजळला आणि भिंतभर एक नकाशा. मी बघतोय... बघतोय... जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. निळ्या पेन्सिलीनं नळ, लाल पेन्सिलीनं व्हॉल्व्ह. मधोमध डांबराचा थेंब, तो बाजारपेठेतला रस्ता करत होते तेव्हा उडालेला. माझा नकाशा! निवृत्तीच्या दिवशी चावी, सायकल आणि नकाशा भांडारात जमा करून आलो होतो. पुढे कार्यालय हललं, जुने कागद विद्यापीठाला दिले, त्यात हा पण गेला. आणि खाली पडद्यावर ही एवढाली अक्षरं, 'हस्तलिखित नकाशा. कर्ता अज्ञात.'

अज्ञात! अहो, मी पहिल्या रांगेत बसलोय! गळ्यात तुमचंच ओळखपत्र आहे! त्यावर फोटो आहे, नाव आहे, त्याखाली ते तुमचं 'अनुभव तुमचा, विद्यापीठ आमचं' आहे, आणि मी अज्ञात?

बरं, पुढे ऐका. बाई म्हणाल्या, आता मी त्यांच्यासारखं करून दाखवतो हं, असे दोन्ही हात हवेत, 'ह्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. हे सहज घडलेलं नाही. सगळं जग उत्तरेला वर ठेवतं. पण हा अनामिक श्रमिक ती चौकटच नाकारतो!' सगळा वर्ग 'अहाहा' करतोय. मी हात वर केला. म्हटलं, 'बाई, ते सायकलमुळे.' 'सायकल?' म्हटलं, 'हो. टाकी उत्तरेला. मी टाकीपासून निघून दक्षिणेकडे जायचो. नकाशा हँडलला टांगलेला. पुढे जे येणार ते वर. नाहीतर काय, मान उलटी करून सायकल चालवू?' बाईंचा चेहरा असा फुलला! म्हणाल्या, 'वा! किती सुंदर! पाहिलंत? हीच ती लोकस्मृती!' म्हटलं, 'स्मृती नाही हो, सायकल!' तर टाळ्या! मी काढला, माझा आहे, असं मी ओरडून सांगतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत!

पण मला खरं बोचलं ते त्यानंतरचं.

नकाशा माझा, पण त्यावरचं अक्षर आमच्या हिचं. माझं अक्षर म्हणजे काय सांगू, मी आज लिहिलेलं मला उद्या वाचता येत नाही. साहेबांनी एकदा माझा रजेचा अर्ज उलटा धरून मंजूर केला होता. तेव्हापासून आमच्याकडे लिहायचं सगळं काम हिच्याकडे. मुलीच्या शाळेचे कागद ही लिहायची, पाहुण्यांना पत्रं ही लिहायची, माझ्या रजेच्या अर्जात माझ्या पोटात किती दुखतंय तेसुद्धा हीच लिहायची. माझी फक्त सही. नकाशाचंही तसंच. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सांगायचो, ही पोळपाट बाजूला सारून लिहायची. 'शाळेमागे, आठ आटे.' 'गिरणीशेजारी, चावी जड.' असं.

तर बाई म्हणतात, 'आता बघा, नकाशावर एक शब्द तीन वेळा येतो. जपून. कामगाराच्या मनातली यंत्रणेविषयीची खोल भीती ह्या एका शब्दात उतरली आहे.' मी डोळे ताणून बघतोय. जपून? मी 'जपून' कधी सांगितलं होतं लिहायला? मग नीट बघितलं, कुठे कुठे लिहिलंय ते. पहिलं लाकडाच्या वखारीपाशी, तिथं एक कुत्रं होतं, माझी पोटरी धरलेली त्यानं. दुसरं उतारावर, तिथं ब्रेक निकामी होऊन मी चावीसकट गटारात गेलो होतो. आणि तिसरं दवाखान्याच्या मागे, तिथलं झाकण हलतं, त्याखाली माझ्या अंगठ्याचं नख गेलं. संध्याकाळी घरी येऊन सांगायचो मी हे सगळं, अघळपघळ, आणि ही नुसतं 'हं' म्हणायची. पाठमोरी. मला वाटायचं, हिचं लक्ष नाही माझ्याकडे. एकदा चिडलोही होतो त्यावरून, भिंतीशी बोललो तर ती जास्त ऐकेल म्हणालो होतो! आणि ही माझ्या माघारी नकाशा उघडून, बारीक अक्षरात, 'जपून' लिहून ठेवत होती. बावीस वर्षं तो कागद माझ्या नाकासमोर लोंबत होता हो. मी वाचत होतो ते आटे! आटे मोजणाऱ्याला 'जपून' कुठं दिसायला?

आणि मग बाईंनी ते चित्र आणखी मोठं केलं. खालचा कोपरा. तो कोपरा मी कधी उघडलाच नव्हता. नकाशाच्या आठ घड्या, वर प्लास्टिक, जो भाग लागेल तेवढाच बाहेर. टाकीजवळ आमचं घर, तिकडे जायला मला कशाला लागतोय नकाशा? ती घडी कायम मागे दुमडलेली. आणि तिथं, टाकीच्या खाली, एक ठिपका. आणि हिच्या अक्षरात, 'घर. वेळेवर या.'

...पाणी आहे का हो कोणाकडे? द्या. आभारी आहे... बघा, बाटलीवरसुद्धा छापलंय, अनुभव तुमचा.

तर बाई म्हणाल्या, 'वेळेवर या! म्हणजे श्रमिकाच्या वेळेवर व्यवस्थेचं केवढं नियंत्रण होतं बघा!' मला राहवलं नाही. ती फळी अडकलेली, तरी तसाच उठलो, खुर्चीसकट उठलो! म्हटलं, 'नियंत्रण होतंच बाई! पण ते खात्याचं नव्हतं, बायकोचं होतं!' सगळा वर्ग फुटला. मुख्याध्यापक फळी बडवत हसले. मीही हसलो. आणि खाली बसलो तर पडद्यावरचं काही दिसेना. तुम्हाला सांगतो, त्या बावीस वर्षांत मी एकदाही वेळेवर घरी गेलो नाही. कुठं दाब कमी, कुठं फुटलेला नळ. गावाला पाणी वेळेवर दिलं मी, मिनिट चुकवलं नाही. घरी मात्र आमटी गार.

त्या दिवशी जिना उतरताना ठरवलं. माझं एक वेळ राहू द्या. पण ही अज्ञात राहायची नाही. ते 'अज्ञात' तिथून पुसून काढीन तेव्हाच स्वस्थ बसेन!

बाईंना भेटलो. त्यांनी खोलीत बसवलं, चहा दिला, समोर फोन ठेवला, 'बोला आजोबा, सगळं सांगा.' दोन तास बोललो! प्रत्येक झाकण सांगितलं, कुत्रं सांगितलं, नख सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मग एक कागद पुढे केला, 'इथे सही करा, नियम आहे.' केली. सही म्हणजे माझंच काम, अडतीस वर्षं कुठे म्हणतील तिथे केलीय. वाचायचं काम हिचं होतं ना! घरी मुलीनं वाचला तो कागद आणि कपाळाला हात लावला. काय लिहिलं होतं? 'माझी ओळख कायम गुप्त ठेवण्यास माझी संमती आहे.' अहो, गुप्त? मी काय चोरीची कबुली दिलीय? मला उघड व्हायचंय आणि तुम्ही मला गुप्त करताय? बाई म्हणाल्या, 'आजोबा, ते तुमच्या संरक्षणासाठी असतं.' संरक्षण कोणापासून? त्या कुत्र्यापासून? ते मेलं केव्हाच!

सहा महिन्यांनी बाईंचा लेख छापून आला. मुख्याध्यापकांनी शोधून काढलं मला, भिंग घेऊन. सापडलो! तळटीप सत्तावीस. 'माहितगार क्रमांक चार ह्यांच्या मते, दिशेचा संबंध सायकलशी असू शकतो.' असू शकतो! अडतीस वर्षं काम केलं, आणि मी सायकलच्या बाबतीत असू शकतो! पूर्वी मी निदान चुकून अज्ञात होतो हो, आता माझ्या स्वतःच्या सहीनं अज्ञात झालो. अनुभव तुमचा, विद्यापीठ आमचं!

आणि मग तो नकाशा काचेच्या पेटीत घालून खाली व्हरांड्यात लावायचं ठरलं. तो काय, त्या खांबाच्या पलीकडे, दिसतोय का? जाताना बघा. शेजारी पाटी लागणार. मी चंगच बांधला. मुख्याध्यापकांनी अर्ज लिहून दिला, लाल पेनानं, कारण दुसरं पेन त्यांच्याकडे नाहीच. ह्याच खिडकीत दिला. कारकून म्हणाला, 'लाल शाईतला अर्ज चालत नाही.' परत निळ्यात. मग म्हणाला, समितीकडे जाईल. समितीत पाच जण, लांबलचक टेबल, आणि एकानं विचारलं तो हा प्रश्न, 'आजोबा, ह्याला संदर्भ काय?' मी म्हटलं, 'मी आहे ना!' तर दुसरे म्हणाले, 'तुम्ही संदर्भ होऊ शकत नाही, तुम्ही माहितगार आहात. आणि माहितगार गुप्त असतो.' मी म्हटलं, 'मग तुमच्यासमोर आत्ता कोण बसलंय?' पाचही जण कागदात बघायला लागले.

हरलो होतो हो. सोडून दिलं होतं. पण बाईंचाच फोन आला. खरं सांगतो, बाईंनी माझ्यासाठी धडपड केली. धापा टाकत बोलत होत्या, 'आजोबा, एक वाट सापडलीय! संमतीपत्रावर सही तुमची आहे, त्यामुळे तुमचं नाव नाही टाकता येत. पण अक्षर तुमचं नाहीच! ज्यांचं अक्षर आहे त्यांनी कुठेच सही केलेली नाही. त्यांचं नाव पाटीवर टाकता येईल! उद्या उद्घाटन आहे, पाटीवाला समोर उभा आहे. पटकन सांगा, अक्षर कोणाचं?'

मी छाती पुढे काढून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं सांगितलं, 'आमच्या हिचं!'

बाई म्हणाल्या, 'हो, पण पूर्ण सांगा ना.' म्हटलं, 'आमच्या हिचं म्हणजे हिचंच! आता आणखी किती पूर्ण सांगू?' तिकडून काहीतरी आवाज, पाटीवाला घाई करत होता, बाई म्हणाल्या, 'बरं बरं, बघते,' आणि फोन ठेवला. मी जिंकल्यासारखा घरभर फिरलो. मुलीला म्हटलं, उद्या रजा काढ, आईची पाटी लागतेय विद्यापीठात!

गेलो. मुलगी, जावई, मुख्याध्यापक, सगळे. काचेची पेटी, आत नकाशा, दक्षिण वर. आणि शेजारी पितळी पाटी, अशी झळझळीत. 'रेखाटन: अज्ञात. अक्षर: अज्ञाताची पत्नी.'

अज्ञात आणि सौभाग्यवती अज्ञात! दारावर लावायची पाटीच झाली की हो! मुख्याध्यापकांनी दोनदा वाचली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या पेनाला काही काम मिळालं नाही. म्हणाले, 'चूक काढायला जागा नाही.' मी तर खवळलो. बाईंच्या नावानं, समितीच्या नावानं, पाटीवाल्याच्या नावानं, जे तोंडाला येईल ते. आणि मुलगी माझा हात धरून हळूच म्हणाली, 'बाबा, तुम्ही आईचं नाव सांगितलं होतं ना त्यांना?'

म्हटलं, 'म्हणजे काय? सांगितलं की! स्पष्ट सांगितलं!'

'काय सांगितलंत?'

'आमची ही म्हणून!'

मुलगी हसतेय की रडतेय कळेना. आणि मग, तुम्हाला सांगतो, मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकेचाळीस वर्षं संसार केला हो. घरात 'अगं, ऐकलंस का?' आणि बाहेर 'आमची ही'. तीसुद्धा मला 'अहो' आणि बाहेर 'आमचे हे'. दवाखान्यात शेवटी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही मुलीनंच सांगितलं, मी पिशव्या धरून उभा. समितीला शिव्या, बाईंना शिव्या, वर्षभर साऱ्या जगाशी भांडलो की तिला अज्ञात का ठेवता... आणि जगाला तिचं नाव सांगणारा एकच माणूस होता, तो बोललाच नाही! लाज म्हणाल तर लाज नाही. भीती नाही. नाव आत आहे, अगदी तोंडाशी आहे, पण आटाच फिरत नाही. गंज चढलाय.

म्हणून आज आलोय. दुरुस्तीचा अर्ज. मुलगी म्हणाली, 'मी येते, मी सांगते.' म्हटलं, नाही! हे मी सांगणार. एकाहत्तर वर्षांचा झालो, आता कोणाची भीड? आठ दिवस सराव केलाय. आरशासमोर केला, न्हाणीघरात नळ सोडून केला. येताना रस्त्यानं मनातल्या मनात सतरा वेळा म्हणत आलोय. समितीनं मान्य केलंय, बाईंनी स्वतः शिफारस लिहिलीय, फक्त नाव सांगायचं, पाटी बदलणार. आज ते 'अज्ञात' उतरतंय म्हणजे उतरतंय!

...आला, आला! डबा आला. आता चष्मा. आणि हा आलाच कारकून. जरा मला पुढे जाऊ देता का? एकच शब्द सांगायचाय, अर्ध्या मिनिटाचं काम. फार उपकार झाले.

हां, नमस्कार. ओळखलंत ना? तेच, लाल शाईवाले. दुरुस्ती होती, नकाशाच्या पाटीची. हो, हो, अक्षराच्या पुढे नाव घालायचंय. हो, तिचंच. ...सांगतो की! अहो, सांगतो म्हणजे काय, त्यासाठीच तर आलोय! घ्या लिहून. ...पेन उघडलंत? ...लिहा. ...अं... ते आपलं... हे बघा... ती... आमची...

...आमची ही.

नाही, नाही, थांबा, असं लिहू नका! खोडा ते! जरा दम घेऊ द्या. रांग खोळंबलीय, कळतंय मला... काय म्हणालात? बोलता येत नसेल तर ह्या कागदावर लिहून देऊ?

...अहो साहेब, आमच्याकडे लिहायचं काम हिच्याकडे होतं.